हवेचा पंचनामा

परवा सकाळी पेट्रोल पंपावर हवा भरणाऱ्या मुलाने पाच-सहा जणांदेखत मला विचारले, "काका, तुम्ही पेट्रोल कुठे भरता?" प्रश्नात शब्द मोजकेच होते, परंतु माझ्या मागे उभ्या असलेल्या मोटारसायकलवाल्याने केवळ हसण्यासाठी म्हणून तोंडावरचा मफलर खाली ओढला, तेव्हा त्या प्रश्नाचा पूर्ण अर्थ मला कळला. पंपावरची हवा मोफत असते आणि ती घेणाऱ्याने पेट्रोलही घेतलेच पाहिजे असा नियम नाही. शिवाय पेट्रोल मी त्याच पंपावर घेतो. आता पेट्रोल आठवड्यातून एकदा लागते आणि हवा दिवसाआड लागते, याला माझा इलाज नाही. हे सगळे उत्तर मला घरी पोचून चहा घेताना सुचले, आणि त्याचा राग अजून गेलेला नाही.

माझ्या गाडीच्या मागच्या डाव्या चाकात हवा टिकत नाही, एवढीच ती भानगड. वसईच्या मेहुण्याने स्वस्तात दिलेली ही गाडी बाकी सगळ्या बाबतीत समजूतदार आहे. चाकात ३३ पीएसआय इतक्या दाबाची हवा भरावी असे चालकाच्या दाराच्या चौकटीवरील चिठ्ठीत लिहिले आहे, त्याप्रमाणे ती भरावी, आणि दोन-तीन दिवसांत काटा २२ वर यावा, असा क्रम दिवाळीपासून चालला होता. मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर हे दोन महामार्ग ज्या गावात एकमेकांना छेदतात आणि तिसरा जिथून सोलापूरकडे निघतो, त्या धुळ्यात टायरची दुकाने किती असतील हे सांगायला नको. दहा, चौदा, सोळा चाकांचे ट्रक ज्यांच्या हाताखालून जातात, त्यांना माझ्या एका चाकाचे दुखणे सापडू नये, हे मला सुरुवातीला शक्यच वाटत नव्हते.

देवपुरातल्या आमच्या कॉलनीने मात्र निदान आधीच करून ठेवले होते: थंडी. यात तथ्य नव्हते असे नाही. आमच्याकडे डिसेंबरात दुपारी तिशीच्या आसपास रेंगाळणारा पारा पहाटे आठ-नऊ अंशांपर्यंत उतरतो, आणि टायरमधली हवा थंड झाली की साधारण साडेपाच-सहा अंशांमागे एक पीएसआय दाब कमी होतो. म्हणजे दुपारी ३३ असलेला काटा पहाटे २९ किंवा ३० दाखवणार. म्हणून तर हवा सकाळी, गाडी धावून टायर तापण्यापूर्वी मोजावी असे म्हणतात. पण थंडी चारही चाकांना सारखीच वाजते. तीन चाके २९ वर थांबत होती आणि चौथे एकटेच २२ पर्यंत का जात होते, याचे उत्तर कॉलनीत कोणाकडे नव्हते. "गाडीला रात्री कव्हर घाला," असा सल्ला देऊन शेजारचे नाना आत गेले. चाकांना कानटोपी घाला असे ते म्हणाले नाहीत, हे त्यांचे उपकारच म्हणायचे.

त्यानंतर साक्री रोडवरच्या एका दुकानात टायरमध्ये खिळा असल्याचे सांगण्यात आले. खिळा मला दाखवला गेला नाही. मात्र तो काढल्याचे आणि भोकात रबरी पट्टी भरल्याचे पैसे घेतले गेले. त्या मुलाने ज्या जागी टोचा घुसवला, त्या जागी आधीपासून भोक होते की ते त्यानेच पाडले, यावर आमचे शेवटपर्यंत एकमत झाले नाही. आणखी एका ठिकाणी साधी हवा काढून नायट्रोजन भरण्याचा आग्रह झाला. आपण श्वासात ओढतो त्या हवेत ७८ टक्के नायट्रोजनच असतो, तेव्हा हे पैसे उरलेल्या २२ टक्क्यांचे का, असे मी विचारले. त्यावर त्या गृहस्थाने माझ्याकडे ज्या करुणेने पाहिले, ती माझ्या टायरच्या वाट्याला आली असती तर बरे झाले असते.

हवेचा टायर १८८८ साली ज्या डनलॉपने बनवला, तो बेलफास्टमधला गुरांचा डॉक्टर होता आणि आपल्या मुलाच्या तीनचाकी सायकलसाठी त्याने हा उद्योग केला होता. मुकी जनावरे तपासण्याची सवय असलेल्या माणसाच्या हातून ही वस्तू जन्माला आली, हे मला फार योग्य वाटते. आमच्याकडे मात्र तपासणी होते ती टायरच्या मालकाची: नोकरी कुठे, घर स्वतःचे की भाड्याचे, मुले कितवीला. त्या उत्तरांवरून बिलाचा आकडा ठरतो.

आग्रा रोडवरच्या, काचेची तावदाने असलेल्या टायरच्या दुकानात तो आकडा बराच वर गेला. तिथल्या इस्त्रीच्या शर्टातल्या तरुणाने टायरच्या बाजूवर अंगठा फिरवून, "साहेब, रबर मेलंय," असे जाहीर केले. टायरवर चार आकडे कोरलेले असतात; पहिले दोन आठवड्याचे आणि शेवटचे दोन वर्षाचे, म्हणजे २३१९ असेल तर तो टायर २०१९ च्या तेविसाव्या आठवड्यात तयार झालेला. हे त्यानेच मला शिकवले, आणि या शिकवणीची फी म्हणून मी साडेपाच हजारांचा नवा टायर घेतला. जुन्याचे दोनशे रुपये वजा करून तो टायर त्यांनी ठेवून घेतला. नव्या टायरची नक्षी इतकी कोरी होती, की पहिले दोन दिवस मी गाडी चिखलातून नेली नाही. तिसऱ्या दिवशी काटा २३ वर होता.

पंपावरचा तो प्रश्न यानंतरचा. म्हणून त्याच सकाळी साक्रीची नोकरी अर्धा दिवस बुडवून मी उलट्या दिशेने, पारोळा रोडला लिंबाच्या झाडाखाली असलेल्या एका पत्र्याच्या दुकानात गेलो. एक मोडका कॉम्प्रेसर, पाण्याची सिमेंटची टाकी आणि एक पोरगेलासा कारागीर, एवढाच तिथला सरंजाम. प्लास्टिकच्या खुर्चीवर ऊन खात बसलेले, कानटोपी आणि दोन स्वेटर घातलेले वृद्ध गृहस्थ मी गिऱ्हाईक समजलो. ते म्हणजे आप्पा, निवृत्त तलाठी, आणि दुकानाची जागा त्यांची होती. त्यांच्या परवानगीशिवाय तिथे पाना फिरत नसे.

"काय व्हयनं, भाऊ?" आप्पांनी विचारले.

"मागच्या डाव्या चाकातली हवा जाते."

"कोठे जास?"

ते माहीत असते तर मी या उन्हात त्यांच्यापुढे उभा राहिलो नसतो, हे वाक्य मी गिळले. आप्पांनी कारागिराला थांबवले, त्याच्याकडून बिलबुक मागवून घेतले, एक पावती उलटी केली आणि खिशातून पेन काढले. त्यासरशी त्यांची अहिराणी अंतर्धान पावली आणि तिच्या जागी तालुका कचेरीतली मराठी अवतरली. "अर्जदाराचं संपूर्ण नाव सांगा. मौजे? देवपूर. बरं. हवा शेवटची भरल्याची तारीख, वेळ, भरणाऱ्याचं नाव आणि दोन साक्षीदार."

मी म्हणालो, "आज सकाळीच भरली. भरणाऱ्याचं नाव माहीत नाही. साक्षीदार म्हणाल तर एक मोटारसायकलवाला होता, तो हसत होता."

"साक्षीदार फितूर," आप्पांनी मान खाली घालूनच नोंद केली.

मग चतुःसीमा झाल्या. चाकाच्या वरच्या बाजूस गाडीचा पत्रा, खालच्या बाजूस सरकारी रस्ता, आतल्या बाजूस ब्रेकचा ड्रम, बाहेरच्या बाजूस लिंबाचे झाड. टायरच्या रस्त्याला टेकणाऱ्या नक्षीदार भागास त्यांनी लागवडीलायक ठरवले आणि कंपनीचे नाव असलेला गुळगुळीत भाग पोटखराब्यात दाखवला. साक्री रोडवरच्या रबरी पट्टीची त्यांनी फेरफार म्हणून दखल घेतली, पण ती जुन्या टायरबरोबरच गेली असल्याने तिला प्रमाणित करण्यास नकार दिला. नव्या टायरच्या पावतीची मूळ प्रत मागितली. ती घरी आहे म्हणताच, "सगळे असंच म्हणतात," असे म्हणून त्यांनी सुस्कारा सोडला. माझ्या नावावर जमिनीचा एक गुंठाही नाही. तलाठ्यापुढे ताटकळण्यावाचून माझा जन्म जाईल अशी आशा मी बाळगून होतो, तीही त्या खुर्चीपुढे संपली.

"किती होती आणि किती राहिली?"

"३३ होती. २२ राहते."

आप्पांनी पावतीवर भागाकार मांडला आणि त्यांचा चेहरा उजळला. "म्हणजे एक तृतीयांश गेली. ३३ टक्क्यांच्या किंचित वर! बसतंय की हो तुमचं. पूर्वी मदतीला पिकाचं पन्नास टक्के नुकसान लागायचं, २०१५ पासून तेहतीस केलं. ३३ची २३ राहिली असती ना, तर तीस टक्के झाले असते, काही मिळालं नसतं." आणि खरोखरच, जणू कापसाच्या नुकसानीची मदत खात्यात जमा व्हायची आहे अशा आपुलकीने त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. आदल्या सकाळी काटा २३ वर होता, हे मी त्यांना सांगितले नाही.

एवढ्या वेळात कारागीर पाना हातात धरून दोन वेळा उठला आणि दोन वेळा बसला. मागे केळीने भरलेला एक टेम्पो येऊन थांबला, त्याचा चालक खाली उतरून पंचनामा ऐकत उभा राहिला आणि आप्पांनी त्याला विनाचौकशी दुसरा पंच करून टाकले. माझा संयम सुटत चालला होता. महिनाभर जो तो माझ्याकडून पैसे किंवा माहिती काढून घेत होता, चाक मात्र एकानेही पाण्यात बुडवून पाहिले नव्हते. हे मी काहीशा चढ्या आवाजात बोलून दाखवले. आप्पांनी पेनाचे टोपण लावले आणि मुलाला म्हणाले, "आते काढ." पंचनाम्यावर माझी सही घेतल्याशिवाय मात्र मला हलू दिले नाही.

त्या मुलाने आधी बोटाला थुंकी लावून व्हॉल्व्हच्या तोंडावर टेकवली. फुगा आला नाही, म्हणजे व्हॉल्व्हची पिन निर्दोष सुटली. मग त्याने चाक काढले, टाकीत बुडवले आणि हळूहळू फिरवू लागला. टायरच्या नक्षीतून काही आले नाही, बाजूच्या भिंतीतून काही आले नाही. आणि जिथे टायरची कड रिमला भिडते त्या रेषेतून मोहरीएवढ्या बुडबुड्यांची एक शांत रांग वर येऊ लागली.

आप्पा खुर्चीवरून उठले. ते उठू शकतात हे त्या मुलालाही ठाऊक नसावे. "हाई तं बांधनं भांडण शे!" ते ओरडले. टायर आपल्या हद्दीत बरोबर, रिम आपल्या हद्दीत बरोबर, आणि दोघांच्या मधला बांध कोरला गेलेला; उभ्या नोकरीत त्यांनी हेच पाहिले होते, असे त्यांचे म्हणणे पडले. मला कबूल केले पाहिजे, की महिनाभरात ऐकलेले हे पहिलेच बरोबर निदान होते. ट्यूबलेस टायरमध्ये हवा अडवायला ट्यूब नसते. टायरची कड आतल्या दाबाने रिमवर घट्ट बसते आणि तेवढ्यावरच सारा कारभार चालतो. माझ्या रिम ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूच्या आहेत, आणि वसईच्या खाऱ्या हवेत त्या कडेवर पांढरट, खरबरीत पूड धरली होती. तिच्या खालून हवा निवांत बाहेर पडत होती. थंडीत रबर ताठरते आणि अशी फट अधिकच मोकळी होते, म्हणजे कॉलनीचे निदान चार आणे बरोबर होते. हे मी नानांना सांगणार नाही.

मुलाने टायर उतरवला, तारेच्या ब्रशने आणि पॉलिश पेपरने रिमची कड घासून स्वच्छ केली, तिच्यावर काळे सीलर लावले आणि टायर पुन्हा चढवला. याला पंचनाम्यापेक्षा कमी वेळ लागला. दीडशे रुपये झाले. टाकीत पाणी होते, टाकी भरायला पैसे पडत नाहीत, आणि नवा टायर चढवणाऱ्या काचेच्या दुकानातल्या माणसाला ती पांढरी पूड त्याच्या अंगठ्यापासून चार बोटांवर दिसली असणार. त्याच रिमवर त्याने नवा टायर बसवला, चाकाचे बॅलन्सिंग केले, त्याचे वेगळे पैसे लावले आणि मला नमस्कारही केला. दीडशेच्या कामासाठी साडेपाच हजार गेले, यात हसण्यासारखे काय आहे ते मला अजून सापडलेले नाही.

मी तसाच आग्रा रोडला गेलो. तो तरुण होता. नवा टायर परत घ्या आणि माझा जुना द्या, एवढेच माझे मागणे होते.

"नव्या टायरमध्ये दोष आहे का, साहेब?"

"नाही. टायरमध्ये दोष नव्हताच. रिममध्ये होता."

"मग परत कसा घेणार? दोष असला तरच परत घेतो आम्ही."

"आणि माझा जुना? रबर मेलेला?"

त्याने वहीची दोन पाने मागे उलटली. "तो त्याच संध्याकाळी गेला, साहेब. चांगल्या कंडिशनमध्ये होता. अडीच हजारांना."