गाझा, अश्दोद आणि आमच्या ग्रुपवरचा "स्कोअर"

आज सकाळी आमच्या जुन्या वाड्यातल्या लोकांच्या ग्रुपवर एकाने गाझाचा व्हिडिओ टाकला. कोसळलेली इमारत, सगळीकडे धूळ, आणि एक बाप पोराला छातीशी धरून पळतोय. खाली लिहिलं होतं, "आजचा स्कोअर काय?" त्यावर हसणाऱ्या इमोजींची रांग. सगळे ओळखीचे, ह्यातल्या कित्येकांच्या आयांच्या हातचं मी जेवलेय. मी काही लिहायच्या आत दुसऱ्या एकाने ७ ऑक्टोबर २०२३ चा, गाझातल्या हमास ह्या सशस्त्र संघटनेने हल्ला केला त्या इस्रायलमधल्या नोव्हा संगीत फेस्टिव्हलमधून जीव घेऊन पळणाऱ्या मुलींचा फोटो टाकला आणि लिहिलं, "पेरलं तेच उगवलं." एकाला तो बाप दिसला नाही आणि दुसऱ्याला त्या मुली दिसल्या नाहीत. ग्रुप म्यूट केला पण दिवसभर हातातलं काम सुचत नाहीये, म्हणून इथे लिहितेय, लांबणार आहे.

राग कशाचा आलाय ते आधी सांगते. ह्या लोकांना इस्रायलशी देणंघेणं नाही आणि पॅलेस्टाईनशी तर नाहीच नाही. ह्यांना आपल्या गल्लीतलं भांडण तिकडे नेऊन भांडायचंय. इस्रायल म्हणजे आपण आणि पॅलेस्टिनी म्हणजे "ते", एवढं ठरवलं की पुढचं काही वाचायची गरज नाही, मेलेल्या पोराचा व्हिडिओ बघून हसता येतं. आणि आपल्यातले, हो, आपल्याच फ्रेंडलिस्टमधले, मोर्चाला येणारे, ते तरी काय वेगळं करतात? फक्त उलट्या बाजूने तेच. एक जण गांधींचा १९३८ चा, पॅलेस्टाईन अरबांचं म्हणणारा हरिजनमधला लेख टाकणार, दुसरा सावरकरांचं डिसेंबर १९४७ चं, ज्यू राष्ट्राच्या बाजूचं निवेदन टाकणार, आणि दोघांनीही त्यातल्या दोन ओळींपलीकडे वाचलेलं नसतं. त्याच लेखात गांधींनी हिटलरच्या जर्मनीतल्या ज्यूंना सत्याग्रह करायला सांगितलं होतं, ते कोणी फॉरवर्ड करत नाही. आज ते वाचताना पोटात गोळा येतो.

माझ्या डोक्यात हा विषय निघाला की एकच दुपार येते. आम्ही तेव्हा रास्ता पेठेत राहायचो, ऐंशीच्या दशकाचा शेवट, मी कॉलेजात. वरच्या खोलीत एक पॅलेस्टिनी मुलगा भाड्याने राहायचा. तेव्हा पुण्यात इराणी, सुदानी, पॅलेस्टिनी पोरं शिकायला बरीच असायची. हा गाझाचा, जबालिया ह्या निर्वासितांच्या कॅम्पमधला, फार्मसी करत होता. आणि दोन घरं सोडून आईच्या मैत्रिणीचं घर, आम्ही त्यांना मावशीच म्हणायचो. बेने इस्रायली म्हणजे आपल्या कोकणातल्या ज्यू, मूळच्या रेवदंड्याच्या, आमच्यासारखंच मराठी, आमच्यासारखीच सोलकढी, फक्त शनिवारी चूल पेटवायच्या नाहीत आणि मनासारखं काही झालं की एलियाहू हानबी ह्या त्यांच्या प्रेषिताच्या नावाने मलिदा, म्हणजे गोड पोह्यांचा प्रसाद, करायच्या. त्यांचा मोठा मुलगा आधीच इस्रायलला गेला होता, आता ह्या पण चालल्या होत्या. त्या दुपारी निरोप घ्यायला आल्या आणि नेमका तो भाडं द्यायला खाली आला. आईने दोघांना चहा दिला.

त्याने विचारलं, कुठे चाललात? मावशी म्हणाल्या, अश्दोदला, मुलगा तिकडे बंदरात कामाला आहे. तो एकदम गप्प झाला. मग त्याच्या त्या हिंदी-इंग्रजीत म्हणाला, माझे आजोबा तिथलेच. इस्दूद नावाचं गाव होतं आमचं, त्याच्याचजवळ नंतर तुमचं ते शहर वसवलं. १९४८ ला सैन्य आलं तेव्हा घराला कुलूप लावून सगळे गाझाकडे निघाले, थोड्या दिवसांनी परतू म्हणून, किल्ली अजून आजीकडे आहे. आणि मग म्हणाला, "आप जा सकती हैं आंटी, मैं नहीं जा सकता." रेवदंड्यात जन्मलेल्या ज्यू बाईला त्या देशाचा १९५० चा कायदा तिथे येऊन राहायचा हक्क देतो आणि ज्याच्या आजोबाची शेती तिथे होती त्याला नाही. हे मी तोवर कधी ऐकलंच नव्हतं.

मावशी भडकल्या. त्यांना एवढं चिडलेलं मी कधीच पाहिलं नव्हतं. म्हणाल्या, माझ्या सुनेचे आईबाप बगदादचे, १९५१ मध्ये एकेक बॅग घेऊन निघाले, घर गेलं, दुकान गेलं, बँकेतले पैसे सरकारने गोठवले, त्यांना ते कोण परत देणार आहे, तुझे अरब देणार आहेत का? आणि युरोपातले साठ लाख ज्यू मेले तेव्हा त्यांना कोणी दार उघडलं? तासभर चाललं. आवाज एवढे चढले की समोरच्या गॅलरीतली माणसं बघायला लागली. आई मधे पडली नाही, नुसती बसून राहिली.

आणि मला त्या भांडणातलं काय आठवतं तर त्या तासाभरात दोघांपैकी एकानेही दुसऱ्याला "हे खोटं आहे" म्हटलं नाही. तो म्हणाला नाही की बगदादमध्ये असं काही झालंच नाही. त्या म्हणाल्या नाहीत की इस्दूद नावाचं गाव नव्हतंच. पटलं काहीच नाही, तो न सांगता वर निघून गेला, मावशी डोळे पुसत घरी गेल्या. पण ऐकलं. ज्यांचं खरोखर काहीतरी गेलं होतं त्यांना ते जमलं आणि कोथरूडला सोफ्यावर बसलेल्या माणसाला जमत नाही, ह्याचा संताप येतो मला!

१९४८ च्या आसपास सात लाख पॅलेस्टिनी घरातून निघाले किंवा हाकलले गेले. पुढच्या दोन-तीन दशकांत अरब देशांतून आठ लाखांच्या आसपास ज्यूंना निघावं लागलं. एकाचं दुःख काढलं की लगेच दुसऱ्याचं काढून तोंडावर मारायचं ही आता पद्धतच झालीय. बरं, मान्य आहे, दोन्ही सारखं नाही, बगदादच्या ज्यूंना जबालियातल्या माणसाने हाकललं नव्हतं आणि तरी किंमत त्यानेच मोजली. हे मान्य करूनही म्हणते की दोन्ही खरं आहे. आपल्याला तर हे समजायला फार लांब जायला नको. १९४७ मध्ये यूएनची जी समिती पॅलेस्टाईनला गेली होती तिच्यात भारत होता, आणि फाळणी नको, दोघांचं मिळून एक संघराज्य करा असं सांगणाऱ्या तीन देशांत आपण होतो, इराण आणि युगोस्लाव्हियाबरोबर. २९ नोव्हेंबरच्या मतदानात आपण फाळणीच्या विरोधात मत दिलं. तेव्हा आपल्याकडे निर्वासितांच्या गाड्या अजून येतच होत्या. फाळणी म्हणजे काय हे माहीत असलेला देश होता हा.

आता कोणीतरी म्हणेल, म्हणेल कशाला, इनबॉक्समध्ये आलंच आहे, की तू बॅलन्स करतेस. अजिबात नाही. १९६७ पासून वेस्ट बँकेवर लष्करी ताबा आहे, पूर्व जेरुसलेम धरून सात लाखांच्या आसपास सेटलर, म्हणजे इस्रायली वसाहतवाले, तिथे आणून वसवलेत, ऑलिव्हची झाडं तोडतात, घरं पाडतात, हे चूक आहे आणि ह्याला दुसरी बाजू नाही. गाझा ३६५ चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या मुंबईपेक्षाही लहान, त्यात वीस लाखांहून जास्त माणसं, २००७ पासून नाकेबंदी. तिथे ऑक्टोबर २०२३ नंतरच्या इस्रायलच्या हल्ल्यांत साठ हजारांच्या वर माणसं मारली गेली, त्यात किती तरी लहान मुलं, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये गाझा शहरात दुष्काळ जाहीर झाला. पाऊस न पडल्यामुळे झालेला दुष्काळ नाही तो. सीमेपलीकडे धान्याचे ट्रक उभे असताना झालेला आहे. ह्याला मी गुन्हा म्हणते आणि म्हणत राहणार.

आणि ७ ऑक्टोबर २०२३ ला बाराशेच्या आसपास लोक मारले, २५१ जणांना ओढत गाझात नेलं, म्हाताऱ्यांना, तान्ह्या मुलांना, तो पण गुन्हाच आहे, त्याला "पार्श्वभूमी समजून घ्या" म्हणून गुळगुळीत करायचं नाही. गाझाच्या सीमेजवळच्या बेरी किबुत्झमध्ये (किबुत्झ म्हणजे तिथलं सामुदायिक शेतीचं गाव) व्हिव्हियन सिल्व्हर नावाची ७४ वर्षांची बाई मारली गेली. तिने आयुष्यभर पॅलेस्टिनींबरोबर काम केलं, गाझातल्या पेशंटना इस्रायलमधल्या हॉस्पिटलात पोचवायला गाडी चालवायची. बरेच दिवस सगळ्यांना वाटत होतं की तिला ओलीस नेलंय, नोव्हेंबरमध्ये तिचे अवशेष ओळखले गेले. तिच्या मुलाने त्यानंतरही शांततेचंच काम हातात घेतलं. "पेरलं तेच उगवलं" लिहिणाऱ्याने मला सांगावं, ह्या बाईने काय पेरलं होतं?

हो, हमास लोकवस्तीत बोगदे खणून त्यांच्या आडून लढते, माहितीये. हो, दोघांची ताकद सारखी नाही आणि मधे उभं राहणाऱ्याचा फायदा बलवानालाच होतो, तेही माहितीये. म्हणूनच मधे उभी नाहीये मी, मरणाऱ्यांच्या बाजूला उभी आहे, ते कुठल्या पासपोर्टचे आहेत हे न विचारता.

आणखी एक. "इस्रायली असेच", "पॅलेस्टिनी असेच" हे बंद करा. २०२३ च्या सुरुवातीपासून कित्येक महिने लाखो इस्रायली स्वतःच्याच सरकारविरुद्ध तेल अवीवच्या रस्त्यावर होते. इस्रायलचे पंतप्रधान रबिन ह्यांनी १९९३ मध्ये पॅलेस्टिनी नेते अराफात ह्यांच्याशी हात मिळवला आणि १९९५ मध्ये रबिनना गोळ्या घातल्या त्या एका ज्यू माणसानेच. गाझात संसदेची शेवटची निवडणूक २००६ मध्ये झाली, तिथली जवळजवळ निम्मी लोकसंख्या लहान मुलांची आहे, त्यांनी कुणाला मत दिलं होतं? मार्च २०२५ मध्ये गाझातल्या बेत लाहियामध्ये लोक हमासच्या विरोधात घोषणा देत रस्त्यावर आले होते, बाँब पडत असताना, जिवावर उदार होऊन. मी वाट बघत होते, कुठल्याही बाजूच्या एकाही मित्राने ते शेअर केलं नाही.

आणि आपले कोकणातले बेने इस्रायली तिकडे गेले तेव्हा त्यांना तरी कुठे सरळ जवळ घेतलं? १९६० च्या दशकात तिथल्या धर्मगुरूंनी ह्यांची लग्नं लावायला नकार दिला, तुम्ही पुरेसे ज्यू आहात का म्हणून. पेणकर, रोहेकर, दिवेकर आडनावाची माणसं १९६४ मध्ये जेरुसलेमला रस्त्यावर बसली, तेव्हा कुठे क्नेसेटने, म्हणजे तिथल्या संसदेने, त्यांना बाकीच्यांसारखेच ज्यू म्हटलं. मावशींच्या दिरांनी हे सगळं भोगलेलं. त्या दुपारी त्या एवढ्या का चिडल्या हे मला फार उशिरा समजलं, सगळ्यांनी उपरं ठरवल्यावर एकदाचं घर मिळतंय म्हणून ट्रंक भरलेली आणि कोणीतरी सांगतंय की ते माझ्या आजोबांचं आहे.

मावशींचे फोन यायचे. अश्दोदला सायरन झाला की आडोशाला पोचायला ४५ सेकंद मिळतात, गुडघे गेल्यावर त्या जिन्यातच बसून राहायच्या, मराठीत स्तोत्र म्हणत. एकदा आपणहून म्हणाल्या, तो वरच्या खोलीतला मुलगा कुठे असेल गं, तिकडून रॉकेट आलं की मला त्याचीच आठवण येते, आणि इकडून विमानं गेली तरी त्याचीच. त्या गेल्या आता. त्याचं शेवटचं कार्ड १९९३ च्या ओस्लो शांतता करारानंतरचं, परत जाऊन जबालियात औषधाचं दुकान टाकलंय, मुलगी झालीय, ह्या वेळी सगळं नीट होणार असं वाटतंय. जबालियात आता उभं काय उरलंय ते तुम्ही फोटोत बघितलंय. मी शोधायचा बराच प्रयत्न केला. काही लागलं नाही. तो असेल तर साठीला आला असेल.

लिहिता लिहिता राग थोडा उतरलाय. ग्रुपवरची माणसं वाईट नाहीत, कोविडमध्ये ह्यांनीच अनोळखी घरांत डबे पोचवले होते, हे मला कबूल करावंच लागेल. पण मग त्याच माणसांना बाँबखालचं पोर बघून हसू येतं हे जास्त भयंकर नाही का? ऑक्टोबर २०२५ मध्ये शस्त्रसंधी झाली तेव्हा "संपलं बाबा एकदाचं" असे मेसेज आले होते. काय संपलं? ताबा तसाच आहे, परतायला घरं नाहीत, दोन्हीकडच्या आया आपापल्या पोरांच्या फोटोसमोर बसलेल्या आहेत. तिथे "पॅरेंट्स सर्कल" म्हणून संस्था आहे, १९९५ पासून, ह्या भांडणात आपलं माणूस गमावलेले इस्रायली आणि पॅलेस्टिनी एकत्र बसतात, एकमेकांचं ऐकतात, लोकांमध्ये जाऊन बोलतात. त्यांना दोन्हीकडून शिव्या पडतात. ते तरी बसतात.

तर मी काय करणार आहे ते सांगते. येत्या रविवारी संध्याकाळी माझ्या घरी बसू. १९४७ चा, १९४९ चा आणि १९६७ चा असे तीन नकाशे मी प्रिंट करून ठेवते. ग्रुपवरच्या दोघांनाही बोलावलंय, एकाने हो म्हटलंय, दुसऱ्याने मेसेज वाचून सोडून दिलाय. अट एकच, स्वतःचं मत मांडायच्या आधी समोरच्याची बाजू अशी सांगायची की तो म्हणाला पाहिजे, हो, हेच म्हणायचंय मला. मग हवं तेवढं भांडा, आवाज चढले तरी चालतील, माझी काही हरकत नाही. खोली लहान आहे, येणार असाल तर आधी कळवा.