दिवाणखान्यात ना दिवा, ना खाणं

माझी आई शहात्तर वर्षांची आहे. परवा ती भाच्याला म्हणाली, "दिवाणखान्यात माझा चष्मा राहिलाय, आण रे." आठवीतला तो पोरगा चष्मा घेऊन आला आणि तिला म्हणाला, "आजी, तो गुलामीचा शब्द आहे. दीपस्थान म्हणायचं." आई "बरं" म्हणाली. त्यानंतर दोन दिवस ती त्या खोलीला अडखळत अडखळत "ती बाहेरची खोली" म्हणत होती. जन्मभर वापरलेला शब्द तिच्या तोंडून काढून घेतला, तोही एका फॉरवर्डने. म्हणून हे लिहितोय.

फॉरवर्डमधला मजकूर थोडक्यात असा: मूळ शब्द 'दीपस्थान', घरातला मोठा दिवा लावायची खोली. मोगलांनी तो बिघडवून 'दिवाणखाना' केला. ते तिथे बसून खात, म्हणून 'खाना'. शिवाजी महाराजांनी या शब्दावर बंदी घातली. तेव्हा शुद्ध मराठी 'बैठक' म्हणा. शेवटी शेपूट, की ड्रॉइंग रूम म्हणजे इंग्रजांची चित्रं काढायची खोली.

'खाना' लगेच निकालात निघतो. मराठीत आपण 'खाणं' म्हणतो, ण लावून. हा 'खाना' फारसी आहे आणि त्याचा अर्थ घर, जागा. कारखाना, दवाखाना, छापखाना, तोफखाना, नगारखाना हे शब्द आपण रोज वापरतो किंवा वाचतो. यातल्या कुठल्या जागेचं नाव जेवणावरून पडलंय?

'दीपस्थान'ही टिकत नाही. दीपचा दिवा होतो हे खरं, पण स्थानाचं मराठीत ठाण होतं, ठाणं होतं. स्थानाचा खाना कुठल्याच नियमाने होत नाही. नुसता 'दिवा' कानाला लागला म्हणून कुणीतरी बसल्या जागी हा शब्द जुळवलाय.

आता 'दिवाण'. इथे मला थांबायचंय, कारण खरी गोष्ट त्या बनावट गोष्टीपेक्षा कितीतरी मोठी आहे. दिवाण म्हणजे मुळात नोंदवही. सातव्या शतकात खलिफा उमरने सैनिकांच्या वेतनाची नोंद ठेवायची व्यवस्था लावली, तिचं नाव दिवाण. वहीवरून ते नाव कचेरीला गेलं, कचेरीवरून अधिकाऱ्याला आणि दरबारालाही. १७६५ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीला बंगाल, बिहार, ओरिसाची 'दिवाणी' मिळाली, म्हणजे महसूल गोळा करायचा हक्क. कोर्टातला 'दिवाणी दावा' त्याच घरचा. दिवाणाने लोकांना भेटायचं दालन तो दिवाणखाना, आणि पुढे वाड्यातली पाहुण्यांना बसवायची मोठी खोलीही तीच. अशा दालनात भिंतीलगत गाद्या-तक्क्यांची जी बैठक असे, तिलाही दिवाण म्हणू लागले. आपण ज्यात रजया कोंबतो तो पलंग असा या नावापर्यंत पोचला. म्हणजे पलंगावरून खोलीचं नाव पडलेलं नाही, उलट झालंय.

अजून मागे जाऊ. अभ्यासक 'दिवाण'चं मूळ प्राचीन पर्शियनमधल्या 'दिपि' या शब्दाशी नेतात. दिपि म्हणजे कोरलेला लेख. आणि हा शब्द आपल्याकडे दगडावर आहे. सम्राट अशोकाचा पहिला शिलालेख गिरनारला 'धंमलिपी' म्हणतो. तोच लेख वायव्येकडे शाहबाजगढीला, खरोष्ठी या तिथल्या जुन्या अक्षरांत, 'ध्रमदिपि' म्हणतो. राजा तोच, मजकूर तोच, फक्त 'लिपी'च्या जागी 'दिपि'. ही दिपि आणि आपली लिपी एकच, असं बहुतेक विद्वान मानतात. पाणिनीलाही 'लिपि' ठाऊक होता. हा एक पुरावा मला बाकी सगळ्यांपेक्षा मोठा वाटतो. ज्या 'देवनागरी लिपी'त तो फॉरवर्ड लिहिलाय, तिच्या नावातला शब्द आणि 'दिवाण' हे जुने सोयरे आहेत. मग परका कोणाला म्हणायचं?

महाराजांचा मुद्दा. इथे अर्धं खरं आहे आणि ते मान्य करायलाच हवं. महाराजांनी राज्यव्यवहारकोश करवून घेतला, त्यात फारसी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द दिले. १६७४ च्या राज्याभिषेकाच्या वेळी मुजुमदाराचा अमात्य झाला, डबीराचा सुमंत झाला. (हा डबीर म्हणजे लेखनिक, तोही त्याच दिपिच्या कुळातला!) पण तो कोश राज्यकारभारासाठी होता. घरात कुणी काय बोलावं यावर त्याने बंदी घातलेली नाही. पेशव्याला 'पंतप्रधान' हे नाव मिळालं, तरी लोकांच्या तोंडी पेशवाच राहिला. आणि पुण्याच्या शनिवारवाड्यात, ज्याची वास्तुशांत १७३२ मध्ये झाली, 'नाचाचा दिवाणखाना' होता. दिल्लीपर्यंत फौजा नेणारे पेशवे आपल्याच वाड्यात गुलामीचा शब्द पाळत होते, असं म्हणायचंय का?

शब्द फारसी आहे, हेही कबूल. पण मराठी मुलखात फारसी मोगलांच्या कितीतरी आधी आली. बहमनी राज्य १३४७ चं, त्यानंतर निजामशाही, आदिलशाही. तिथल्या कचेऱ्यांत मराठी माणसंच लिहीत होती. शब्द त्यांच्या लेखणीतून घरी आला.

'बैठक' चांगला शब्द आहे, जरूर वापरा. 'उपविष्ट'वरून आलाय, आपलं 'बसणं'ही त्याच धातूचं. त्यासाठी दिवाणखान्याला बाहेर काढायची गरज नाही. ड्रॉइंग रूमचं तर कुठल्याही इंग्रजी कोशात सापडेल: मूळ शब्द 'विदड्रॉइंग रूम', माणसांतून उठून निवांत बसायची खोली. चित्रांचा काही संबंध नाही.

भाच्याला समोर बसवून हे सगळं सांगितलं. त्याने वहीच्या मागच्या पानावर 'दिपि, लिपी, दिवाण' असं एकाखाली एक लिहून घेतलं आणि विचारलं, "डबीर आडनावाची एक मुलगी आमच्या वर्गात आहे, तिला सांगू?" म्हटलं, सांग. पण आधी आत जाऊन आजीला सांग.