उलटी केलेली चाल कानाला कळते

इन्व्हर्जन (चालीतली वर जाणारी अंतरं खाली, खालची वर करणं), रेट्रोग्रेड (चाल शेवटाकडून वाजवणं) ही नुसती कागदावरची गणितं, कानाला त्यातलं काही कळत नाही, हे लेखातलं विधान अजिबात पटलं नाही. रेट्रोग्रेडचं एक वेळ मान्य. शेवटाकडून वाजवलेली चाल ओळखणं अवघडच, आपली आठवण पुढच्या दिशेनंच चालते. पण इन्व्हर्जन? सा-ग-प गा. मग तेवढीच अंतरं सा-च्या खाली उतरा: सा, मंद्र कोमल ध, मंद्र म. मेजर कॉर्डची (तीन स्वरांच्या उजळ वाटणाऱ्या गटाची) मायनर (उदास वाटणारी) झाली! हे कुणालाही ऐकू येतं.

संगीतकार वेबर्नच्या १९३४च्या काँचेर्टो या वाद्यरचनेचा (ओपस २४) उल्लेख तर हवाच होता. त्यातली १२ स्वरांची माळ म्हणजे तीन-तीन स्वरांचे चार तुकडे. पहिला बी, बी फ्लॅट, डी: एक अर्धस्वर खाली, चार वर. दुसरा ई फ्लॅट, जी, एफ शार्प: चार वर, एक खाली, म्हणजे पहिलाच, उलटा करून शेवटाकडून वाचलेला. तिसरा रेट्रोग्रेड, चौथा इन्व्हर्जन. किती सुंदर बांधणी आहे ही! पियानोवर हे तुकडे सुटे सुटे, सावकाश वाजवून पाहा. तिसऱ्या-चौथ्या तुकड्याला कान स्वतःहून ओळख दाखवू लागतात.