देव फोन उचलत असेल, तर भीती कशाची?

मागच्या उन्हाळ्यात आमचं डंजन्स अँड ड्रॅगन्सचं एक कॅम्पेन मेलं, म्हणजे एकेक पात्र घेऊन, फासे टाकत आठवडेच्या आठवडे खेळायची गोष्ट. मारलं मीच, कारण गोष्ट रचणारा आणि चालवणारा, म्हणजे डीएम, मी. पण हत्यार क्लेरिकचं होतं, देवाकडून जादू मिळणाऱ्या पुजारी-पात्राचं.

मला कॉस्मिक हॉरर हवा होता, म्हणजे माणूस ज्याच्या खिजगणतीतही नाही अशा गोष्टीची भीती. त्यासाठी सहा आठवडे खपून मी एक गाव रचलं होतं. विहिरीच्या तळाशी काहीतरी आहे, माणसं एकेक करून बोलायची बंद होताहेत, ढोरं रात्रभर एकाच दिशेला तोंड करून उभी राहताहेत. कूलरसमोर पाच जण, लाइट मुद्दाम बंद, मोबाइलवर हळू आवाजात तंबोरा. आणि आमचा क्लेरिक, जो खऱ्या आयुष्यात सीए आहे, पंधराव्या मिनिटाला म्हणतो, "थांब बावा, मी डिटेक्ट इव्हिल मारतो." मारला. तीस फुटांच्या आत अ‍ॅबरेशन (अनैसर्गिक राक्षस) आहे हे मला सांगावंच लागलं, नियमच तसा. आणि हा पहिल्या लेव्हलचा, म्हणजे अगदी सुरुवातीचा, स्पेल (मंत्र) आहे! मग दुसऱ्या स्पेलने मेलेल्या गावकऱ्याला पाच प्रश्न विचारून झाले. विहिरीत काळोख, तर दोघांना अंधारात दिसतं आणि तिसऱ्याने दगडावर उजेड पाडला. दहाला बसलो होतो, साडेअकराला खेळ संपला. सीए म्हणाला, "मस्त होतं बे. पेस्ट कंट्रोलवाल्यासारखं वाटलं."

त्या वाक्याने मला अजून झोप नाही. कारण तो बरोबर होता.

डंजन्स अँड ड्रॅगन्स वाईट खेळ आहे असं मी म्हणत नाही. १९७४ पासून लोक तो खेळताहेत आणि मीही कॉलेजपासून खेळतोय. पण त्या जगात देव फोन उचलतात. नवव्या लेव्हलचा क्लेरिक देवाला थेट तीन प्रश्न विचारू शकतो, हो की नाही एवढं उत्तर मिळतं. मेलेला माणूस पाचशे सोन्याच्या नाण्यांच्या हिऱ्यात परत येतो. भूक लागली तर स्पेल, घाबरलात तर स्पेल. अशा जगात राक्षस हा फक्त अवघड हिशेब असतो, आणि हिशेबाला सीए घाबरत नाही.

यावर नेहमीचा सल्ला मिळतो: लो-मॅजिक सेटिंग (खेळाचं जग) घे, जादू कमी कर. सल्ला बरोबर आहे, पण त्याचं कारण लोक चुकीचं सांगतात. जादू कमी केली की पात्रं दुबळी होतात आणि दुबळा माणूस घाबरतो, असं म्हणतात. दुबळेपणाने फार तर ताण येतो. वाघासमोर मीही दुबळाच आहे, ताडोबात मला भीती वाटेल, पण ती कॉस्मिक नसेल. वाघाला मी खायला हवा असतो. निदान हवा तरी असतो.

आपल्याकडच्या भुताचंही तेच. मुंजाचं लग्न राहून गेलेलं असतं, कुणाच्या पिंडाला कावळा शिवलेला नसतो, कुणाची जमीन भावाने लाटलेली असते. आपली भुतं म्हणजे अडकलेले अर्ज. योग्य माणूस गाठा, नारळ द्या, उतारा टाका, फाइल पुढे सरकते. मला ही भुतं फार आवडतात, आजीच्या कृपेने लहानपणी डझनभर भेटली आहेत. पण त्यांच्याशी बोलणी होऊ शकतात. कॉस्मिक हॉररमध्ये समोरच्याला तुमच्याकडून काहीच नको असतं.

विदर्भातल्या माणसाला हे समजवायला मी एकच आठवण काढतो. २ एप्रिल २०२२, गुढीपाडव्याची संध्याकाळ. आकाशातून पेटती रेघ सरकत गेली, अर्ध्या विदर्भाने गच्चीवर उभं राहून पाहिली. चंद्रपूर जिल्ह्यात सिंदेवाहीजवळच्या लाडबोरीत साधारण तीन मीटर व्यासाचं धातूचं कडं येऊन पडलं. चिनी रॉकेटचा तुकडा असावा, असं जाणकारांनी सांगितलं. म्हणजे उत्तर मिळालं, दुसऱ्या दिवशी चहाच्या टपरीवर विषयही बदलला. पण ते कडं लाडबोरीवर रागावलेलं नव्हतं. त्याला गाव माहीतच नव्हतं. आता यातून 'रॉकेट' हा शब्द काढून टाका, टीव्ही काढा, सांगणारा जाणकार काढा. उरतं ते माझं सेटिंग.

म्हणून माझा निकष वेगळा आहे. जादू किती आहे हे मी मोजत नाही. या जगात उत्तर द्यायला कुणी बसलंय का, हे बघतो. कुणी बसलं असेल तर ते जग माझ्या कामाचं नाही, मग जादू कितीही थोडी असो.

या चाळणीतून तयार सेटिंग्ज घातली तर बरीच गळतात. डार्क सन (१९९१) पहिल्यांदा फार मोहात पाडतं. देव नाहीत, जादू केली की आजूबाजूची जमीन जळते, आणि मे महिन्यातल्या नागपूरकराला ते वाळवंट वेगळं समजावून सांगावं लागत नाही. पण तिथे ज्याला त्याला काही ना काही मनोशक्ती आहे. मन हेच हत्यार झालं की मन मोडण्याची भीती कशी उरणार? रेव्हनलॉफ्ट धुक्यासाठी उत्तम, पण तिथल्या व्हॅम्पायरचं प्रेम अपुरं राहिलंय, म्हणजे तो आमचा मुंजाच झाला, फक्त कोट घालून. वॉरहॅमर फँटसी रोलप्ले (१९८६) चिखल, रोग आणि दारिद्र्य झकास दाखवतो, पण तिथल्या अनर्थाच्या देवतांना नावं आहेत, रंग आहेत, खाती वाटून दिलेली आहेत.

मग सरळ कॉल ऑफ कथुलू का खेळत नाही, असं एका मित्राने विचारलं. १९८१ पासून कॉस्मिक हॉरर रीतसर त्याच खेळात खेळला जातो आणि त्यातला एक नियम मी उचललाही आहे: त्या गोष्टींबद्दलचं ज्ञान जितकं वाढेल, तितकी मानसिक संतुलनाची कमाल मर्यादा खाली येते. शिकाल तेवढे गमवाल. दोन ओळींचा नियम, पण अख्खा प्रकार त्यात आहे. मात्र तो खेळ बहुतेक वेळा १९२० च्या दशकात घडतो. तिथे खेळाडूला आधीच माहीत असतं की जग विज्ञानाने चालतं, डीएमने फक्त तडा द्यायचा. फँटसीत ही सोय नाही. खेळाडू टेबलावर बसतो तोच ड्रॅगनची अपेक्षा धरून, त्याला काहीही दाखवा, तो म्हणतो, "हाव, असंल." तिथे आधी 'नेहमीचं' उभारावं लागतं, म्हणजे मग ते मोडता येतं.

शेवटी जग मीच बांधलं. अठराव्या शतकातल्या वऱ्हाड-गोंडवनासारखा मुलूख, नावं बनावट. तोड्याची बंदूक आहे, पण पावसात पेटत नाही. पहिले तीन सेशन काहीही अद्भुत घडलं नाही. नाक्यावरची जकात, भिजलेला कापूस, बैलाचा खूर, सावकाराचं पत्र. नागपूर ते लोणार आज समृद्धीने चार-पाच तासांचं काम, माझ्या जगात तेवढंच अंतर बैलगाडीला बारा-चौदा दिवस घेतं. सीए वैतागला, "आपण ट्रान्सपोर्ट कंपनी खेळतोय का बे?" मी म्हटलं, चाल.

लोणारचं नाव आलंच आहे तर सांगतो, त्यासारखी जागा मी कल्पनेने बनवू शकलो नसतो. काळ्या बसाल्टमध्ये पडलेलं सुमारे १.८ किलोमीटरचं गोल भोक, आत खारं, क्षारयुक्त पाणी. वय विचाराल तर एक अंदाज ५० हजार वर्षांचा आणि दुसरा ५ लाख ७० हजारांचा. जून २०२० मध्ये पाणी गुलाबी झालं, तर कारण निघालं खाऱ्या पाण्यात वाढणारे सूक्ष्मजीव. नागपूरजवळ काटोल रोडवर जुनापाणीची शिळावर्तुळं आहेत, महापाषाणयुगीन दफनं. एकोणिसाव्या शतकात एका इंग्रज अधिकाऱ्याने ती खोदली. काही दगडांवर वाटीसारखे खळगे कोरलेले आहेत. ते कशासाठी, यावर अभ्यासकांचे तर्क आहेत. माझ्या टेबलावर मी एकही तर्क देत नाही. खेळाडू खळगे मोजतात आणि मी गप्प बसतो.

एक पथ्य मात्र कडक पाळतो. गोंडांचे देव मी राक्षस करत नाही आणि लोणारच्या देवळांनाही हात लावत नाही. ज्यांच्यासमोर आज कुणीतरी ऊद लावतं, त्यांना 'पुरातन दुष्ट शक्ती' म्हणणं हा आळशीपणा आहे, आणि उद्धटपणाही. या साहित्यप्रकाराच्या मूळ पुरुषाने, एच. पी. लव्हक्राफ्टने, परक्या माणसांबद्दल काय काय लिहून ठेवलंय ते माहीत असताना तर जास्तच जपायला हवं. माझ्या सरोवरातल्या गोष्टीला देऊळ नाही, नाव नाही, भगत नाही.

आणि जादू? आहे. एकच विद्या, सरोवराच्या काठावर शिकता येते: बंद असलेली कुठलीही गोष्ट उघडते. सीएच्या नव्या पात्राने, कोष्ट्याने, ती शिकली आणि एक कुलूप उघडलं. मी त्याच्या हातात चिठ्ठी दिली: 'तुझ्यापुरती पाच ही संख्या आता नाही. चारला मोजणी संपते.' त्याने ती वाचली, घडी करून खिशात ठेवली आणि चेहऱ्यावर काही न दाखवता खेळायला लागला. या माणसाबद्दल माझं मत तेव्हापासून बदललंय.

पात्रं पाच. त्याने मशाली वाटल्या. एक, दोन, तीन, चार, झालं. "मले कोठी देल्ली बे तूनं?" काटोलचा मित्र. सगळे हसले. रात्रीच्या पहाऱ्याच्या पाळ्या लावल्या, काटोलवाल्याला पाळीच नाही. तो खूश. मग पाऊस लागला आणि सरोवराच्या कड्यावरून दोराने वर यायची वेळ आली. कोष्टी आधीच वर पोहोचला होता, दोर त्याच्या हातात, अंधारात कुणाला कुणी दिसत नव्हतं. तो मोजत होता. स्वतःला धरून चार झाले. "आले सगळे," तो म्हणाला आणि दोर वर ओढून घेतला.

टेबलावर सगळ्यांना कळत होतं, पात्रांना कळायचा मार्ग नव्हता. मी काही केलं नव्हतं. एकही राक्षस आला नव्हता, फासा कुणी टाकला नव्हता. काटोलवाला आपल्या कॅरॅक्टर शीटकडे बघत बसला होता. सकाळी कोष्ट्याने गोणी उघडली आणि विचारलं, "ही एक मशाल जास्त कशी आली?"

कूलरचं पाणी संपल्याचं कुणाच्या लक्षात आलं नाही.

पुढचं सेशन शनिवारी रात्री नऊला, आमच्याच गच्चीवर. काटोलवाला नवीन पात्र करतोय, पण तरी एक जागा आहे. फासे माझ्याकडचे मिळतील, तर्री-पोहे सकाळी. क्लेरिक घेऊन येऊ नका.