‘काय होत नाही वो’ म्हणणाऱ्यांनो

हत्तरगीचा टोल मागं पडला आणि बाळ रडायला लागलं. मी पुढं बसले होते. वळून बघते तर आत्यांनी पट्टे सोडून बाळ त्याच्या खास कार-सीटमधून काढलेलं, मांडीवर घेतलेलं, आणि गाडी ऐंशीच्या वेगात. मी ओरडले. गाडी बाजूला घ्यायला लावली. तर गाडीतल्या चारही माणसांचा राग माझ्यावर! "काय होत नाही वो, एवढं काय त्यात? संकेश्वर आलंच की आता."

त्या दिवसापासून माझं डोकं ठिकाणावर नाही.

माझं लेकरू पाच महिन्यांचं, वजन सहा किलो. सासर बेळगावच्या टिळकवाडीत, माहेर गडहिंग्लजला. म्हणजे काकती सोडली की हायवे, मग वंटमुरीचा घाट. गळीत हंगामात उसाचे ट्रॅक्टर दोन-दोन ट्रॉल्या ओढत चाललेले, मागं लाल दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही, मधेच कुठूनतरी दुचाकी उलटी येते. या रस्त्यावर ज्याला कधी करकचून ब्रेक मारावा लागला नाही असा एक ड्रायव्हर मला आणून दाखवा.

आणि होतं हो, होतं! 50 च्या वेगातली गाडी आदळली तर तो तडाखा 10 मीटर उंचीवरून, म्हणजे तिसऱ्या मजल्यावरून खाली पडल्यासारखा. गाडी अर्ध्या मीटरात थांबली तर सहा किलोचं बाळ त्या क्षणाला 120 किलोच्या जोरानं पुढं फेकलं जातं. क्विंटलभराचं पोतं वरून सुटलं तर दोन हातांनी झेलाल? मग बाळाला कसं धराल? हाताला जोर आहे, माया आहे, सगळं कबूल. तरी सुटणार. आणि धरणारीनं स्वतः बेल्ट लावलेला नसेल तर तिचं अख्खं अंग त्या बाळावर जाणार.

बाळाची सीट गाडीच्या मागच्या बाजूला तोंड करून का लावायची, हे तर मी घरात दहादा सांगितलं. या वयात बाळाचं डोकं अंगाच्या मानानं फार जड असतं आणि मानेतली हाडं अजून कच्ची, पुरती जुळलेलीसुद्धा नसतात. तोंड पुढं असेल तर धड पट्ट्यात अडकतं आणि डोकं पुढं हिसकलं जातं, सगळा ताण मानेवर. तोंड मागं असेल तर डोकं, मान, पाठ एकदम सीटच्या पाठीत दाबली जातात आणि धक्का सगळीकडं वाटला जातो. समजायला एवढं अवघड आहे का हे? "त्याला पुढचं काय दिसत नाही," "पाय दुमडतात बघ." दुमडू देत पाय! बाळं तशीही पाय दुमडूनच असतात.

पण घरच्यांना एकट्यांना दोष देऊन काय उपयोग? ज्यांचा हा धंदा आहे त्यांनी काय केलं ते ऐका. शहरातल्या एका मोठ्या दुकानात गेलो. विकणारा म्हणाला, "वहिनी, सा महिन्यांनी पुढं तोंड करा, कायबी प्रॉब्लेम नाही." सहा महिन्यांनी! युरोपातल्या, मुलांच्या कार-सीटसाठीच्या आर 129 या नियमात 15 महिन्यांच्या आत पुढं तोंड करायला परवानगीच नाही. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं 2018 पासून सांगितलंय की सीटची वजन-उंचीची मर्यादा संपेपर्यंत, जमेल तितके दिवस मागंच तोंड ठेवा. आणि हा गल्ल्यावर बसून सहा महिने सांगतोय. किती आया ते ऐकून घरी गेल्या असतील!

डब्यातलं माहितीपुस्तक इंग्रजीत. बेळगाव इकडचं का तिकडचं म्हणून आपण 1956 पासून भांडतोय, पाटीवर कुठली अक्षरं मोठी यावर रस्त्यावर उतरतोय. लेकराचा जीव ज्या कागदावर आहे त्यावर ना मराठी, ना कन्नड. माझ्या सासूबाईंना वाचता येतं, दोन्ही भाषांत येतं. त्यांनी वाचायचं काय? याचा राग कुणालाच येत नाही?

मग सीट बसवायला गाडीच्या शोरूममध्ये नेली. तिथल्या पोरानं बेल्ट लाल खुणांतून ओवला. माझ्या सीटवर लाल खुणा पुढं तोंड करून बसवण्यासाठी आहेत आणि निळ्या मागं तोंड करण्यासाठी. सीटच्या अंगावर चित्रं छापलीत, ती बघायची सवड नाही. हलवून बघितलं तर वीतभर हलतेय. बेल्ट जिथून जातो तिथं धरून हलवली तर एका इंचापेक्षा जास्त हलता कामा नये. मी म्हटलं तर उत्तर काय, "मॅडम, एवढं चालतंय."

पुढचं तर याहून वाईट. आयसोफिक्स, म्हणजे बाळाची सीट थेट गाडीला अडकवायच्या लोखंडी कड्या, आहे का विचारलं तर म्हणे या गाडीत नाही. गाडीच्या पुस्तकात आहे लिहिलेलं! घरी येऊन मी मागच्या सीटच्या फटीत हात घालून चाचपलं, तर दोन्ही कड्या तिथंच, गाडी घेताना हौसेनं घातलेल्या लेदर सीटकव्हरखाली शिवून टाकलेल्या. बाळाला वाचवणारं लोखंड गाडीत आहे आणि वर फुलाफुलांचं कव्हर. तुमच्याही गाडीत असेल. आज जाऊन हात घालून बघा.

भावोजी म्हणाले पुढच्या सीटवर बसवू, चालवताना दिसेल. पुढं एअरबॅग आहे! समोरच्या सनव्हायझरवर चित्र काढून फुली मारलेली आहे की मागं तोंड केलेली सीट इथं ठेवायची नाही. ती बॅग पापणी लवायच्या आत फुटते, ती थेट सीटच्या पाठीवर, बाळाच्या डोक्यामागंच. ते चित्र रोज डोळ्यासमोर असतं, कुणी बघितलेलं नाही.

शेवटी मीच बसवली. नवऱ्यानं गुडघा सीटमध्ये रोवून सगळा भार दिला, मी बेल्ट ओढला, दीड तास लागला. पाठीचा कल तपासला, कारण फार उभी झाली तर बाळाची हनुवटी छातीवर पडते आणि श्वास अडकतो. खांद्याचे पट्टे खांद्याच्या रेषेत किंवा किंचित खाली आणले. खांद्याजवळ पट्टा चिमटीत धरून बघितला, चिमटीत आला नाही म्हणजे पुरता घट्ट. आणि हो, थंडी म्हणून स्वेटर, वर दुपट्यात गुंडाळून पट्टे लावू नका. दिसतात घट्ट, पण धक्क्यात तो सगळा फुगीरपणा दबतो आणि पट्टे सैल होतात. आधी पट्टे, मग वरून दुपटं.

एवढं सगळं करून, हत्तरगीला एका हातानं सोडवलं.

कायदा आहे, तोही सांगते. 2019 च्या दुरुस्तीत मोटार वाहन कायद्यात कलम 194 ब आलं. 14 वर्षांखालचं मूल बेल्टशिवाय किंवा मुलांच्या सीटशिवाय गाडीत असेल तर 1000 रुपये दंड. हेल्मेट नाही म्हणून आमच्याकडं चौकात रोज अडवतात. पुढच्या सीटवर, आईच्या मांडीवर तान्हं बाळ बसलेलं समोरून जातं, त्या गाडीला अडवलेलं मी एकदाही पाहिलं नाही.

आत्या, तुम्ही बाळाची दृष्ट काढता, त्याला ताप आला तर रात्रभर उशाशी बसता. तुमच्या मायेबद्दल मला तिळभर शंका नाही. म्हणूनच सांगते. रविवारी परत गडहिंग्लजला जायचंय. बाळ रडलं तर संकेश्वरच्या अलीकडं असो की पलीकडं, गाडी बाजूला लावू, उतरू, बाहेर काढू, दूध पाजू, पाहिजे तेवढा वेळ तुमच्या मांडीवर घ्या. वेळ झाला तर झाला. चालत्या गाडीत त्या पट्ट्याला हात लावायचा नाही.