बिनपाण्याची हजामत

कुरळ्या केसांच्या कुत्र्याची शिफारस करणारे लोक एक वाक्य हमखास टाकतात : 'याचे केस गळत नाहीत हो!' गळतात. फक्त सोफ्यावर पडायच्या ऐवजी शेजारच्या कुरळ्यात अडकून तिथेच मुक्काम ठोकतात. पूडल असो, बिशॉन फ्रिझे असो, की नावाच्या शेपटीला 'डूडल' लागलेला कुणी पूडलचा संकर. मेलेला केस जिवंत केसाला विळखा घालतो, त्यात ओल आणि घासणं आलं की कानामागे नमदा तयार.

वरून काही दिसत नाही, हीच मेख. वरून कीर्तन, आतून तमाशा. ब्रश वरवर फिरवला की कुत्रा पिंजलेल्या कापसासारखा फुलतो, मालक खूश होऊन फोटो काढतो आणि कातडीलगतचा गुंता निवांत वाढत राहतो. म्हणून माझा ब्रशवर विश्वास नाही. माझा विश्वास धातूच्या फणीवर आहे. अर्धे दाते विरळ, अर्धे दाट, दिसायला गरीब, बहुधा सगळ्या सामानात स्वस्त. ती कातडीपासून टोकापर्यंत सरळ गेली तर काम झालं, अडली तर झालं नाही. तिच्यापुढे वशिला चालत नाही.

ब्रश लागतोच, पण स्लिकर, म्हणजे बारीक वाकड्या तारांची गादी. तारा केसांच्या मानाने आखूड असतील तर त्या कातडीपर्यंत पोचत नाहीत आणि नुसती वरची इस्त्री होते. दाब किती द्यायचा हे आधी स्वतःच्या मनगटाच्या आतल्या बाजूवर बघावं. आपण 'आई गं' म्हटलं तर कुत्रा काय म्हणेल, ते ओळखावं. मग भांग पाडायचा. पायाच्या तळापासून सुरुवात. वरचे केस एका हाताने उचलून धरायचे, खाली बोटभर थर मोकळा ठेवायचा, तो मुळापासून विंचरायचा, फणीने तपासायचा आणि मगच वरचा थर सोडायचा. कुरळे लांब ठेवायची हौस असेल तर हे जवळपास रोज. हौस परवडत नसेल तर केस आखूड ठेवावेत. कुत्र्याची त्याला काहीच हरकत नसते.

गुंत्याचे लाडके अड्डे : कानामागे, बगलेत, पट्ट्याखाली, जांघेत, बोटांच्या बेचक्यात. गुंता मुळाशी चिमटीत धरायचा, म्हणजे ओढ कातडीला बसत नाही. त्यावर गुंता सोडवायचा स्प्रे मारायचा आणि टोकाकडून थोडा थोडा उकलायचा. कात्री इथे वर्ज्य. गुंता ओढला की कातडी तंबूसारखी त्यात वर येते, आणि केस समजून कापली जाते ती तीच. जटा कातडीला चिकटलीच असेल तर क्लिपरचं, म्हणजे केस कापायच्या यंत्राचं, १० नंबरचं ब्लेड तिच्याखालून अलगद सरकवावं. रूप जाईल, पण ते परत उगवतं.

आंघोळ या सगळ्यानंतर. गुंत्यासकट भिजवलं की तो वाळताना आणखी आवळतो. कोमट पाणी, कुत्र्यांचा शाम्पू, कानात पाणी जाऊ न देणं, आणि फेस गेला असं वाटल्यावर आणखी एकदा खळखळून धुणं. टॉवेलने चोळायचं नाही, दाबून टिपायचं. मग ड्रायरची कोमट हवा आणि सोबत ब्रश, केस सरळ होईपर्यंत.

आता हजामत, आणि ती बिनपाण्याचीच! ओल्या केसात क्लिपर अडखळतो, मळक्या केसाने ब्लेड बोथट होतं. ब्लेडच्या नंबरांचं गणित माणसाच्या वयासारखं आहे : आकडा वाढला की केस कमी. १० नंबर सुमारे १.५ मिलिमीटर केस ठेवतो, ७एफ सुमारे ३.२, ५एफ ६.३ आणि ४एफ ९.५. 'एफ' बघूनच घ्यावं. एफ नसलेल्या ७, ५, ४ नंबरांत एकाआड एक दात आखूड असतो आणि त्या फटीत कातडी सापडू शकते. क्लिपर केसांच्या वाढीच्या दिशेने चालवायचा, ब्लेडला तेल द्यायचं आणि दर काही मिनिटांनी ते मनगटाला लावून बघायचं. कुत्रा अचानक नाचायला लागला तर तो आगाऊपणा नसतो, ब्लेड तापलेलं असतं.

डोळ्यांजवळ आणि पंजांपाशी बोथट टोकाची कात्री, तीही कुत्र्याची हनुवटी हातात घट्ट धरून. पाय गोल करायला वाकडी कात्री. इथे माझी एकच विनंती : चारही पाय सारखे करायच्या नादाला लागू नका. उजवा जाड वाटतो म्हणून तो कापावा, मग डावा जाड वाटतो, आणि पूडलचा बघता बघता ग्रेहाउंड होतो. एकदा लांबून बघा आणि कात्री ठेवून द्या. ओल लागली की कुरळे परत वळतात आणि कात्रीने पाडलेल्या सगळ्या पायऱ्या झाकून टाकतात. झाकाझाकीत ते पटाईत असतातच.