उडत्या तबकडीचा फोटो काढताना घ्यावयाची काळजी

आकाशात काही विलक्षण दिसले की माणसाचा हात आपसूक खिशातल्या मोबाइलकडे जातो. नेमक्या त्याच क्षणी सावध राहावे, कारण आजवर कैक तबकड्यांचा घात चांगल्या फोटोने केलेला आहे. डोळ्यांना जी वस्तू परग्रहावरून आल्यासारखी वाटते, ती फोटोत स्वच्छ उमटली की विमान, फुगा, ड्रोन नाहीतर शुक्राची चांदणी निघते. वस्तू अनोळखी राहावी अशी आपली मनापासून इच्छा असेल, तर ती ओळखता येणार नाही इतपतच टिपावी, हे या विद्येचे मूळ सूत्र आहे.

आपल्या पूर्वसूरींचे काम यापेक्षा पुष्कळ सोपे होते. २४ जून १९४७ रोजी केनेथ अर्नोल्ड या वैमानिकाला अमेरिकेतील माउंट रेनियरजवळ नऊ चकाकत्या वस्तू प्रचंड वेगाने जाताना दिसल्या आणि त्यांच्या नुसत्या सांगण्यावर पुढचा सारा डोलारा उभा राहिला. पाण्यावर भिरकावलेली बशी टप्पे खात जाते तशी त्या वस्तूंची गती होती, एवढेच आपण म्हणालो होतो, असे अर्नोल्ड पुढे सांगत राहिले. वृत्तपत्रांनी मात्र ती बशी गतीवरून उचलून आकारावर ठेवली, आणि त्यानंतर लोकांना खरोखरच बशीच्या आकाराची याने दिसू लागली. बातमीदाराची चूक निस्तरण्यासाठी परग्रहवासीयांनी आपल्या यानांची घडण इतक्या तत्परतेने बदलावी, यावरूनच त्यांची संस्कृती किती प्रगत आहे हे ध्यानात येते. १९५० मध्ये ऑरेगनमधील मॅकमिनव्हिलजवळच्या एका शेतावर काढलेल्या तबकडीच्या दोन कृष्णधवल फोटोंनी तर अभ्यासकांना कित्येक दशके कामाला लावले. अमेरिकी हवाई दलाच्या, अशा अनोळखी वस्तूंची चौकशी करणाऱ्या ‘ब्लू बुक’ प्रकल्पात १९६९ पर्यंत १२,६१८ नोंदी जमा झाल्या आणि त्यांपैकी ७०१ अनोळखी राहिल्या. या सगळ्या काळात पुरावा मागणाऱ्याला ‘त्या वेळी जवळ कॅमेरा नव्हता’ एवढे एकच वाक्य ऐकवले की विषय संपत असे.

१९९९-२००० च्या सुमारास जपानमध्ये कॅमेरा असलेले मोबाइल विक्रीला आले आणि ही सोन्यासारखी सबब आपल्या हातून गेली. आता जगात जिकडे पाहावे तिकडे खिशाखिशात कॅमेरा आहे, तरीही तबकडीचा पुरावा म्हणून जो ठिपका पूर्वी दाखवला जाई तोच आजही दाखवला जातो. ही सातत्याची परंपरा आपोआप टिकलेली नाही. तिच्यामागे मोठी साधना आहे, आणि नवशिक्यांनी ती शिकून घेतली पाहिजे.

सुरुवात अंतरापासून करावी. चंद्र आकाशात जेमतेम अर्धा अंश जागा व्यापतो, आणि मोबाइलचे मुख्य भिंग रुंद दृश्य टिपण्यासाठी घडवलेले असल्यामुळे साधारण १२ मेगापिक्सेलच्या फोटोत त्या चंद्राच्या वाट्याला एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सुमारे तीस पिक्सेल येतात. याच हिशेबाने वीस मीटर रुंदीची तबकडी पाच किलोमीटरवर तरंगत असेल, तर तिची सारी रुंदी पंधराएक पिक्सेलांत आटोपते. एवढ्या ऐवजावर समाधान मानू नये. बोटांनी चित्र जमेल तितके ताणावे. भिंगाने न पाहिलेला तपशील मोबाइलची प्रणाली मग शेजारच्या रंगांवरून अंदाजाने भरते, आणि त्यात खिडक्या, कडा, क्वचित एखादा चेहराही पाहणाऱ्याच्या श्रद्धेनुसार दिसू लागतो.

फोकसबाबत प्रस्तुत लेखकाचा एक अनुभव येथे नोंदवणे योग्य ठरेल. एका संध्याकाळी पश्चिमेला क्षितिजाजवळ एक तेजस्वी बिंदू दिसला म्हणून मी मोबाइल उंचावला. पडद्यावर पिवळी चौकट उमटली, काळोखात पकडण्याजोगी एकही कड तिला सापडेना, आणि तो बिंदू फुगत फुगत हळदीच्या बोटाएवढी गोल चकती झाला. चकतीला उजळ काठ होता आणि आत सूक्ष्म वलये होती. ती आक्रसे, पुन्हा फुगे, जणू श्वासच घेत होती. माझा हात थरथरत असल्यामुळे ती चकती मधूनच बाजूला उडी मारी आणि तत्क्षणी परत येई, जी युक्ती मानवनिर्मित विमानाला कदापि साधणार नाही. चाळीस सेकंदांचा अद्वितीय पुरावा हाती आला होता. पण मी नसता शहाणपणा केला. मोबाइल खाली घेऊन नुसत्या डोळ्यांनी पाहिले, तर तिथे एक बिंदू गुमान उभा होता. आणि दुसऱ्या दिवशी त्याच वेळी त्याच जागी गेलो, तर तो पुन्हा हजर. शुक्र होता. तेव्हा आपण दुसऱ्या दिवशी त्याच वेळी आकाशाकडे मुळीच पाहू नये, आणि मोबाइल कशालाही टेकवून स्थिर धरण्याचा मोह टाळावा.

आपली साधने साधी आहेत म्हणून न्यूनगंड बाळगण्याचे कारण नाही. अमेरिकी नौदलाच्या एका चित्रफितीत रात्रीच्या आकाशात लुकलुकणारे त्रिकोण दिसले आणि त्यांची पुष्कळ चर्चा झाली. २०२२ मध्ये अधिकाऱ्यांनी तिथल्या संसदेसमोर खुलासा केला, की रात्रदर्शक उपकरणातून आलेला प्रकाश कॅमेऱ्याने टिपल्यामुळे तो त्रिकोणी आकार उमटला होता. समुद्रावरून सुसाट जाताना दिसणाऱ्या दुसऱ्या एका वस्तूचा वेग नासाच्या अभ्यासगटाने २०२३ मध्ये गणिताने काढला, तो निघाला ताशी सुमारे ६४ किलोमीटर; उरलेला वेग चित्रीकरण करणाऱ्या विमानाचा होता. लढाऊ विमानावरच्या कॅमेऱ्याला जे साधते ते आपल्यालाही साधेल, एवढा आत्मविश्वास हवा.

सर्वांत मोठा धोका दुसऱ्या साक्षीदाराचा. एकाच वस्तूचे दोन ठिकाणांहून फोटो निघाले की अंतर, उंची आणि वेग मोजता येतो, आणि मोजमाप सुरू झाले की गूढाचे काही खरे नसते. १५ फेब्रुवारी २०१३ रोजी रशियात चेल्याबिन्स्कवर सुमारे वीस मीटरचा अवकाशातला दगड कोणतीही सूचना न देता सकाळच्या वेळी येऊन फुटला. कोणी वाट पाहत नव्हते, तरी गाड्यांतल्या कॅमेऱ्यांनी, इमारतींवरच्या कॅमेऱ्यांनी आणि मोबाइलनी त्याला चारही बाजूंनी टिपले, इतके की त्या चित्रफितींवरून शास्त्रज्ञांनी त्याची अवकाशातली कक्षासुद्धा शोधून काढली. काही सेकंदांसाठी आलेला दगड इतका बेसावध सापडतो आणि तासभर घिरट्या घालणारे यान मात्र नेहमी एकाच माणसाला दिसते, यात यानाचे चातुर्य आणि त्या माणसाची निवड, दोन्ही वाखाणण्याजोगी आहेत. म्हणून कोणी शेजारी उभे असेल, तर त्याला मोबाइल बाहेर काढू देऊ नये. नुसते ‘ते बघा!’ असे ओरडून त्याला पुरते गोंधळात पाडावे.

फोटो पुढे पाठवतानाही हयगय नको. मूळ फाइलमध्ये वेळ, बऱ्याचदा ठिकाण, आणि शटर किती काळ उघडे होते याची नोंद दडलेली असते, म्हणजे घरभेदीच तो. फोटो संदेशातून पाठवला की सहसा त्या नोंदी गळतात आणि चित्र दाबले जाऊन त्याची धारही जाते. आलेल्या संदेशाचा स्क्रीनशॉट घेऊन तोच पुन्हा पुढे ढकलला, की पाच-सहा हातांनंतर रस्त्यावरच्या दिव्याचीसुद्धा आंतरतारकीय मोहिमेत गणना होऊ शकते. कोणी मूळ फाइल मागितलीच, तर ‘फोन बदलला’ असे खेदपूर्वक सांगावे.

राहता राहिला अगदी बिकट प्रसंग. समजा, यान भर दिवसा आपल्यापासून दहा पावलांवर उतरले, दार उघडले आणि आतून कोणी बाहेर आले. अंतर नाही, अंधार नाही, थरथर नाही, आणि आलेला पाहुणा हसून फोटोसाठी उभा राहिला आहे. अशा वेळी घाबरून जाऊ नये. शांतपणे पाठ फिरवावी, पुढचा कॅमेरा लावावा आणि पोर्ट्रेट मोड सुरू करावा. आपल्या भुवईचा केस न् केस मोजता येईल, आणि मागे जे काही उभे आहे ते प्रणाली स्वतःहून सुरेख धूसर करून देईल.